निकोला टेस्ला

निकोला टेस्ला (जन्म : १० जुलै १८५६, स्मिल्यान, ऑस्ट्रियन साम्राज्य, मृत्यू : ७ जानेवारी १९४३, न्यू यॉर्क, अमेरिका) हे सर्बियन वंशाचे अमेरिकन संशोधक आणि विद्युत अभियंता होते. प्रत्यावर्ती म्हणजे एसी प्रवाहावर चालणारी प्रवर्तन मोटर (इंडक्शन मोटर) आणि तिला लागणारी बहुकला वीजप्रणाली हे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य मानले जाते. कारखान्यांतील पंखे, पंप व संपीडक आजही प्रामुख्याने याच जातीच्या मोटरींवर चालतात. या मोटरीचा वेग वीजपुरवठ्याच्या वारंवारतेने ठरतो. या गुणामुळे ती साधी व टिकाऊ झाली आणि याच गुणामुळे तिचा वेग बदलणे दीर्घकाळ अवघड राहिले. ही अडचण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारंवारता बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हमुळे दूर झाली. औद्योगिक पंख्यांच्या वीजबचतीचा आजचा सर्वांत परिणामकारक मार्ग त्यातूनच निघाला.

बालपण

टेस्ला यांचा जन्म आजच्या क्रोएशियातील स्मिल्यान या खेड्यात एका सर्ब कुटुंबात झाला. त्यांचे वडील मिलुटिन हे सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मोपदेशक होते. आई जॉर्जिना यांचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते, परंतु घरकामाची लहानसहान अवजारे त्या स्वतः बनवीत आणि दीर्घ सर्बियन वीरकाव्ये त्यांना मुखोद्गत होती. आपली स्मरणशक्ती व कल्पकता आईकडून आली, असे टेस्ला मानत. त्यांचा थोरला भाऊ दाने लहानपणीच घोड्याच्या अपघातात दगावला. त्यानंतर १८६२ मध्ये हे कुटुंब जवळच्या गॉस्पिच गावी राहावयास गेले.

माध्यमिक शिक्षण कार्लोवाट्स येथे पूर्ण करून १८७३ मध्ये घरी परतल्यावर टेस्ला यांना कॉलऱ्याची लागण झाली आणि ते सुमारे नऊ महिने अंथरुणाला खिळून होते. मुलाने धर्मोपदेशक व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. या आजारपणात त्यांनी तो आग्रह सोडला व बरे झाल्यास अभियांत्रिकीच्या शिक्षणास पाठविण्याचे वचन दिले.

ग्राट्समधील शिक्षण

१८७५ मध्ये टेस्ला यांनी ऑस्ट्रियातील ग्राट्स येथील तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला. तेथे प्राध्यापक याकोब पेश्ल यांनी वर्गात ग्राम पद्धतीचे एकदिश (डीसी) यंत्र मोटर म्हणून चालवून दाखविले. अशा यंत्रात फिरत्या भागाला वीज पोहोचविण्यासाठी कम्युटेटर नावाची तांब्याच्या पट्ट्यांची कडी आणि तिच्यावर घासत राहणारे ब्रश असतात. प्रयोगाच्या वेळी ब्रशमधून मोठ्या ठिणग्या उडत होत्या. कम्युटेटर काढून टाकून प्रत्यावर्ती प्रवाहावरच मोटर चालविता येईल, असे टेस्ला यांनी सुचविले. ही गोष्ट अशक्य आहे, असे प्राध्यापकांनी वर्गासमोर सिद्ध करण्याचा प्रयत्न केला, परंतु ती कल्पना टेस्ला यांच्या मनातून गेली नाही.

पहिल्या वर्षी उत्तम गुण मिळविणारे टेस्ला पुढे जुगाराच्या नादी लागले व त्यांचे अभ्यासाकडे दुर्लक्ष झाले. १८७८ मध्ये पदवी न घेताच त्यांनी ग्राट्स सोडले. पुढच्याच वर्षी वडिलांचे निधन झाले. १८८० मध्ये ते प्राग येथे गेले, परंतु वेळेत प्रवेश न मिळाल्याने तेथे त्यांना केवळ व्याख्याने ऐकता आली.

फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना

१८८१ मध्ये टेस्ला बुडापेस्टला आले आणि तेथील नव्या टेलिफोन केंद्रात काम करू लागले. त्यांच्या नंतरच्या कथनानुसार, १८८२ च्या फेब्रुवारीत शहरातील उद्यानात अंटाल सिगेटी या मित्राबरोबर फिरत असताना त्यांना अनेक वर्षांच्या प्रश्नाचे उत्तर सुचले व त्याची आकृती त्यांनी काठीने जमिनीवर काढली.

ही कल्पना पुढीलप्रमाणे होती. स्थिर चौकटीवर वेटोळ्यांचे दोन किंवा अधिक संच निरनिराळ्या कोनांत बसवावेत. प्रत्येक संचाला दिलेला प्रत्यावर्ती प्रवाह आधीच्या संचापेक्षा ठरावीक अंतराने मागे असावा. एका संचातील प्रवाह ओसरत असताना दुसऱ्यातील वाढत जातो आणि चुंबकीय क्षेत्र चौकटीच्या आत गोल फिरू लागते. या क्षेत्रात ठेवलेल्या धातूच्या भागात प्रवर्तनाने आपोआप प्रवाह निर्माण होतो व तो भाग क्षेत्राच्या मागोमाग फिरतो. फिरत्या भागाला बाहेरून वीज देण्याची गरज उरत नाही, त्यामुळे कम्युटेटर, ब्रश व ठिणग्या या तिन्ही गोष्टी नाहीशा होतात.

१८८२ मध्ये टेस्ला पॅरिसमधील काँटिनेंटल एडिसन कंपनीत रुजू झाले. कंपनीच्या कामासाठी स्ट्रासबर्ग येथे असताना १८८३ मध्ये त्यांनी या तत्त्वावरील पहिली लहान मोटर तयार केली. मात्र युरोपात तिला भांडवल पुरविणारा कोणी मिळाला नाही.

अमेरिकेतील सुरुवातीची वर्षे

जून १८८४ मध्ये टेस्ला न्यू यॉर्कला पोहोचले व थॉमस एडिसन यांच्या यंत्रशाळेत काम करू लागले. सुमारे सहा महिन्यांत त्यांनी ती नोकरी सोडली. त्यानंतर दोन गुंतवणूकदारांच्या साहाय्याने त्यांनी न्यू जर्सीतील राहवे येथे कमानदिव्यांचा व्यवसाय सुरू केला. दिव्यांची यंत्रणा उभी राहताच गुंतवणूकदारांनी टेस्ला यांना बाजूला सारले. पेटंटे कंपनीच्या नावावर असल्याने त्यांच्या हाती काहीच उरले नाही. १८८६-८७ च्या हिवाळ्यात त्यांना खड्डे खणण्याच्या मजुरीवर गुजराण करावी लागली.

एप्रिल १८८७ मध्ये आल्फ्रेड ब्राउन व चार्ल्स पेक यांच्या भांडवलावर टेस्ला इलेक्ट्रिक कंपनीची स्थापना झाली आणि न्यू यॉर्कच्या लिबर्टी स्ट्रीटवर प्रयोगशाळा सुरू झाली. काही महिन्यांतच टेस्ला यांनी मोटर, जनित्र व वितरण यांविषयीचे अर्ज पेटंट कार्यालयात दाखल केले. त्यांतील महत्त्वाची पेटंटे १ मे १८८८ रोजी मंजूर झाली. १६ मे १८८८ रोजी त्यांनी अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे आपल्या प्रणालीवर व्याख्यान दिले.

याच सुमारास इटलीत गॅलिलिओ फेरारिस यांनीही फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे तत्त्व स्वतंत्रपणे शोधले होते. त्यांचा निबंध मार्च १८८८ मध्ये तुरिन येथे प्रसिद्ध झाला. परंतु अशा मोटरीची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या पुढे जाणार नाही, असा निष्कर्ष काढून त्यांनी तिच्या व्यावहारिक उपयोगाचा विचार सोडून दिला. टेस्ला यांनी तीच मोटर कारखान्यातील कामाचे यंत्र म्हणून पुढे आणली.

वेस्टिंगहाउस आणि वारंवारतेचा प्रश्न

जुलै १८८८ मध्ये पिट्सबर्गचे उद्योजक जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी टेस्ला यांच्या पेटंटांचे हक्क घेतले. करारानुसार मोटरीच्या प्रत्येक अश्वशक्तीमागे २.५० डॉलर स्वामित्वधन टेस्ला यांना मिळावयाचे होते. मोटर उत्पादनयोग्य करण्यासाठी टेस्ला स्वतः पिट्सबर्गला गेले. तेथे एक मूलभूत अडचण पुढे आली.

प्रवर्तन मोटरीतील चुंबकीय क्षेत्राचा वेग दोनच गोष्टींवर अवलंबून असतो : पुरवठ्याची वारंवारता आणि मोटरीच्या ध्रुवांची संख्या. वारंवारतेला १२० ने गुणून ध्रुवसंख्येने भागल्यास दर मिनिटाचे फेरे मिळतात. वेस्टिंगहाउस कंपनीची यंत्रणा दिव्यांसाठी उभारलेली होती आणि तिची वारंवारता सेकंदाला सुमारे १३३ आवर्तने इतकी होती. दिव्यांना ती सोयीची होती. चार ध्रुवांच्या मोटरीचे क्षेत्र मात्र त्या पुरवठ्यावर मिनिटाला सुमारे ४,००० फेरे घेई व त्या काळच्या यंत्रांना हा वेग झेपणारा नव्हता. शिवाय ही यंत्रणा एककला होती, तर टेस्ला यांच्या मोटरीला किमान दोन कला लागत. टेस्ला यांचा आग्रह ६० आवर्तनांचा होता, कारण त्या वारंवारतेवर त्याच मोटरीच्या क्षेत्राचा वेग १,८०० फेऱ्यांवर येतो. चालू यंत्रणा बदलण्यास कंपनीचे अभियंते तयार नव्हते, म्हणून १८८९ मध्ये टेस्ला न्यू यॉर्कला परतले. पुढे कंपनीने ६० आवर्तने स्वीकारली आणि चार्ल्स स्कॉट, बेंजामिन लॅमी आदी अभियंत्यांनी मोटर बाजारात आणण्यायोग्य केली. कंपनीच्या सुरुवातीच्या लहान प्रत्यावर्ती मोटरींचा एक प्रमुख उपयोग पंखे फिरविण्यासाठी झाला.

युरोपात मिखाईल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी तीन कलांची, पिंजऱ्यासारख्या रोटरची मोटर १८८९ मध्ये तयार केली. १८९१ मध्ये लाउफेन ते फ्रँकफर्ट या १७५ किलोमीटरच्या मार्गावर त्रिकला वीज वाहून नेण्याचा प्रयोग यशस्वी झाला. आजच्या औद्योगिक मोटरीची रचना प्रामुख्याने डोब्रोव्होल्स्की यांच्या मोटरीसारखी आहे, तिच्यामागील तत्त्व मात्र टेस्ला व फेरारिस यांचे आहे.

दरम्यान वेस्टिंगहाउस कंपनी आर्थिक संकटात सापडली आणि टेस्ला यांनी आपल्या स्वामित्वधनावरील हक्क सोडला. १८९७ मध्ये कंपनीने २,१६,००० डॉलर एकरकमी देऊन पेटंटे कायमची विकत घेतली. पुढील काळात जगभर बसलेल्या मोटरींची अश्वशक्ती लक्षात घेता ही रक्कम नगण्य ठरली.

नायगारा

१८९३ मध्ये शिकागो येथील जागतिक प्रदर्शन वेस्टिंगहाउसच्या प्रत्यावर्ती विजेने उजळले. त्याच वर्षी नायगारा धबधब्यावरील वीजकेंद्राच्या जनित्रांचे काम त्या कंपनीला मिळाले. प्रत्येकी ५,००० अश्वशक्तीची ही द्विकला जनित्रे १८९५ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर १८९६ मध्ये बफेलो शहराला वीज पोहोचली.

वारंवारतेचा प्रश्न येथेही उपस्थित झाला. जलचक्र्यांचा वेग मिनिटाला २५० फेरे असा आधीच ठरलेला होता. केंद्राचे सल्लागार जॉर्ज फोर्ब्स यांना सेकंदाला १६⅔ आवर्तने हवी होती, तर वेस्टिंगहाउसचा प्रस्ताव ३३⅓ आवर्तनांचा होता. अखेर १२ ध्रुवांची जनित्रे घेऊन २५ आवर्तनांवर तडजोड झाली. एकदा ठरलेली वारंवारता बदलणे अवघड असते, कारण तिच्यावर चालणाऱ्या प्रत्येक मोटरीचा वेग तिच्याशी बांधलेला असतो.

मुंबईच्या कापड गिरण्यांनाही पुढे याच पद्धतीने वीज मिळाली. टाटा कंपनीचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि घाटाच्या पायथ्याशी निर्माण होणारी प्रत्यावर्ती वीज दूरवरच्या गिरण्यांतील मोटरी चालवू लागली.

इतर संशोधन

१८९१ मध्ये टेस्ला अमेरिकेचे नागरिक झाले. त्याच वर्षी त्यांनी उच्च वारंवारता व उच्च दाब निर्माण करणारे, टेस्ला कॉइल या नावाने ओळखले जाणारे रोहित्र तयार केले. मार्च १८९५ मध्ये त्यांची न्यू यॉर्कमधील प्रयोगशाळा आगीत भस्मसात झाली. १८९८ मध्ये त्यांनी बिनतारी संदेशांनी चालणारी नौका मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दाखविली. १८९९ मध्ये त्यांनी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे उच्च दाबाचे प्रयोग केले. बिनतारी वीज व संदेशवहनासाठी लाँग आयलंडवर त्यांनी १९०१ पासून वॉर्डनक्लिफ येथे मनोरा उभारण्यास सुरुवात केली. त्यासाठी जे. पी. मॉर्गन यांनी १,५०,००० डॉलर देण्याचे मान्य केले होते. अधिक निधी न मिळाल्याने ते काम अर्धवट राहिले आणि १९१७ मध्ये मनोरा पाडण्यात आला.

१९१३ मध्ये टेस्ला यांना पाती नसलेल्या यंत्राची पेटंटे मिळाली. एका दांड्यावर जवळजवळ बसविलेल्या गुळगुळीत तबकड्या आणि त्यांना चिकटून वाहणाऱ्या द्रवाचे किंवा वायूचे घर्षण या तत्त्वावर ते चालत असे. याच रचनेचा उपयोग टर्बाइन म्हणून तसेच उलट दिशेने पंप व हवा फेकणारे यंत्र म्हणूनही होऊ शकतो, असे त्यांनी दाखविले. उद्योगात मात्र पात्यांचे पंखेच टिकून राहिले.

वेगाचे नियंत्रण आणि औद्योगिक पंखे

टेस्ला यांच्या हयातीत प्रवर्तन मोटरीचा वेग बदलण्याचे मार्ग मर्यादित होते. रोटरच्या परिपथात रोध जोडल्यास वेग कमी होतो, परंतु वाचणाऱ्या शक्तीचा मोठा भाग त्या रोधात उष्णता होऊन वाया जातो. ध्रुवांची संख्या बदलल्यास दोन-तीन ठरावीक वेगच मिळतात. अमेरिकन अभियंता हॅरी वॉर्ड लिओनार्ड यांनी १८९१ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत वेग सहजतेने बदलता येई, परंतु तीत मुख्य काम डीसी मोटर करी व तिच्यासाठी स्वतंत्र मोटर-जनित्र संच लागे. उद्वाहने व खाणींच्या यंत्रांसाठी ही पद्धत वापरली गेली. सर्वसाधारण पंख्यासाठी तिचा खर्च परवडणारा नव्हता.

परिणामी कारखान्यांतील पंखे पूर्ण वेगाने फिरत राहिले आणि हवा कमी हवी असेल तेव्हा वाटेतील डँपर अर्धवट मिटण्याची पद्धत रूढ झाली. डँपर मिटल्याने हवा कमी होते, पण पंख्याने निर्माण केलेला दाब त्या अडथळ्यावर खर्ची पडतो. मोटरीची वीज हवेच्या घटीच्या तुलनेत फारच थोडी कमी होते. पंख्याच्या मुखाशी बसविलेल्या वळत्या पात्यांनी हा अपव्यय काहीसा घटतो, तो पूर्णपणे थांबत नाही.

वेग कमी केल्यास चित्र वेगळे असते. पंख्यातून वाहणारी हवा वेगाच्या प्रमाणात, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. पूर्ण वेगाला १०० किलोवॅट घेणारा पंखा ८० टक्के वेगाने फिरविल्यास त्याला सुमारे ५१ किलोवॅट पुरतात. ६० टक्के वेगाला ही गरज सुमारे २२ किलोवॅट आणि निम्म्या वेगाला १२.५ किलोवॅट इतकी उरते.

हा लाभ घेण्यासाठी मोटरीला मिळणारी वारंवारताच बदलणे आवश्यक होते. १९५७ मध्ये अमेरिकेत थायरिस्टर तयार झाला आणि अर्धसंवाहकांच्या साहाय्याने मोठ्या प्रवाहाचे नियंत्रण शक्य झाले. १९६८ मध्ये डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीने वारंवारता बदलणाऱ्या ड्राइव्हचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. १९८० च्या दशकानंतर आयजीबीटी या जलद स्विचमुळे हे ड्राइव्ह लहान व स्वस्त झाले. ड्राइव्ह पुरवठ्याची प्रत्यावर्ती वीज प्रथम एकदिश करतो आणि नंतर ती अतिशय जलद उघडझाप करून हव्या त्या वारंवारतेच्या प्रत्यावर्ती विजेत रूपांतरित करतो. वारंवारता घटविताना दाबही त्याच प्रमाणात घटविला जातो, त्यामुळे मोटरीतील चुंबकीय क्षेत्राची तीव्रता कायम राहते. भारतातील ५० हर्ट्झ पुरवठ्यावर चार ध्रुवांच्या मोटरीचे क्षेत्र मिनिटाला १,५०० फेरे घेते आणि रोटर त्याच्या किंचित मागे राहतो. ड्राइव्हने ४० हर्ट्झ दिल्यास क्षेत्राचा वेग १,२०० फेऱ्यांवर येतो. मोटर बदलावी लागत नाही.

औष्णिक वीजकेंद्रे, सिमेंट कारखाने, साखर कारखान्यांचे बॉयलर आणि मोठ्या इमारतींची वातानुकूलन यंत्रणा येथील पंख्यांना असे ड्राइव्ह बसविले जातात. बॉयलरचा भार दिवसभरात बदलतो व त्यानुसार हवेची गरजही बदलते, अशा ठिकाणी बचत सर्वाधिक होते. ड्राइव्हमुळे मोटर हळूहळू वेग घेते, त्यामुळे सुरू होताना ओढल्या जाणाऱ्या मोठ्या प्रवाहाचा ताणही टळतो.

या उपायाला मर्यादाही आहेत. ड्राइव्ह स्वतः काही टक्के वीज उष्णतेच्या रूपात गमावतो. त्यामुळे सतत पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या पंख्याला तो बसविल्यास विजेचा खप उलट वाढतो. पंखा मुळातच गरजेपेक्षा मोठा असेल आणि हवेची गरज स्थिर असेल, तर पट्ट्याची पुली बदलून वेग कायमचा कमी करणे अधिक स्वस्त पडते. हवेला ठरावीक दाबाविरुद्धच जावे लागत असेल, तर घनाचा नियम पूर्णपणे लागू होत नाही व बचत घटते. काही विशिष्ट वेगांना पंख्यात अनुस्पंदनाने जोरदार कंपने निर्माण होतात, म्हणून ते वेग ड्राइव्हमध्ये वगळावे लागतात. ड्राइव्हमुळे वीजजाळ्यात हार्मोनिक विकृती शिरते व मोटरीच्या बेअरिंगमधून प्रवाह वाहू शकतो, त्यांचाही बंदोबस्त करावा लागतो.

अखेरची वर्षे व मृत्यू

१९१७ मध्ये अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने टेस्ला यांना एडिसन पदक दिले. उत्तरायुष्यात त्यांची आर्थिक स्थिती खालावत गेली. न्यू यॉर्कमधील एकामागून एक हॉटेले त्यांना थकलेल्या भाड्यामुळे सोडावी लागली. १९३४ पासून ते हॉटेल न्यू यॉर्करमध्ये राहत होते आणि तेथील खर्च वेस्टिंगहाउस कंपनी देत असे. ते आजन्म अविवाहित राहिले. शहरातील कबुतरांना दाणे घालणे हा त्यांचा अखेरपर्यंतचा नित्यक्रम होता. ७ जानेवारी १९४३ रोजी याच हॉटेलातील ३३२७ क्रमांकाच्या खोलीत वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९५७ मध्ये त्यांच्या अस्थी बेलग्रेड येथील निकोला टेस्ला संग्रहालयात नेण्यात आल्या.

वारसा

१९६० मध्ये चुंबकीय स्रोत-घनतेच्या आंतरराष्ट्रीय एककाला टेस्ला हे नाव देण्यात आले. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जगातील विजेच्या एकूण वापरापैकी ४० टक्क्यांहून अधिक वीज विद्युत मोटरींवर चालणाऱ्या यंत्रणांत खर्च होते आणि यांतील बहुसंख्य मोटरी प्रवर्तन जातीच्या आहेत. टेस्ला यांच्या मोटरीत वेगाचा निर्णय वीजकेंद्राच्या वारंवारतेकडे होता. म्हणूनच पिट्सबर्गमध्ये त्यांना १३३ व ६० आवर्तनांच्या वादात पडावे लागले. आज प्रत्येक मोटरीजवळ बसविता येणाऱ्या ड्राइव्हमुळे तो निर्णय यंत्र चालविणाऱ्याच्या हाती आला आहे. या बदलासाठी मोटरीचे मूळ तत्त्व मात्र बदलावे लागले नाही.